अहवाल असतो, पण सापडत नाही

१. दुकानात न मिळणारं लेखन

विदर्भ-मराठवाड्याच्या विकासातल्या अनुशेषावर चर्चा सुरू झाली, की १९८४च्या दांडेकर समितीच्या अहवालाचं नाव निघतंच. डॉ. वि. म. दांडेकरांच्या या समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये काढला, हा आकडा अनेकांना पाठ असतो. मग एखादा विद्यार्थी विचारतो, ‘तो अहवाल वाचायला कुठे मिळेल?’ आणि बोलणारे एकमेकांकडे बघू लागतात. आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो, अहवाल फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

हा अनुभव एका अहवालापुरता नाही. धरणाचा प्रकल्प अहवाल, तालुक्याच्या भूजलाचं सर्वेक्षण, एखाद्या पीएच.डी.चा प्रबंध, स्वयंसेवी संस्थेने ऊसतोड कामगारांचा केलेला अभ्यास, परिषदेत वाचलेला निबंध, साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, हे सगळं कुणीतरी मेहनतीने लिहिलेलं असतं. पण ते विकण्यासाठी लिहिलेलं नसतं. ग्रंथपाल अशा लेखनाला ‘ग्रे लिटरेचर’ म्हणतात. १९९७ साली या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याची व्याख्या ठरली. तिचा मथितार्थ असा: सरकार, विद्यापीठं, उद्योग यांनी तयार केलेलं, छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, पण व्यावसायिक प्रकाशकाच्या हातात नसलेलं लेखन. आपण त्याला करडं साहित्य म्हणू.

गल्लीत एखाद्या काकूंचा गोडा मसाला नावाजलेला असतो, तसं हे आहे. तो त्यांनी घरासाठी केलेला असतो. त्याच्या डब्यावर चिठ्ठी नसते, तारीख नसते, वाण्याकडे तो मिळत नाही. काकू माहीत असतील त्यालाच तो मिळतो आणि तोही मागितल्यावर. मसाला कसा निघाला आहे, हे मात्र घेणाऱ्यालाच पारखावं लागतं.

पुस्तकांच्या बाबतीत कायदा आपल्या मदतीला असतो. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय त्यांपैकी एक, आणि मुंबईतही असं एक ग्रंथालय आहे. हा कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे, पण फक्त कार्यालयीन उपयोगासाठी काढलेल्या पुस्तकांना त्यातून वगळलेलं आहे. आपल्याला हवे असलेले कितीतरी अहवाल नेमके या सुटीतून निसटतात. त्यांना आयएसबीएन नसतो, किंमत नसते, आणि ते एका ठिकाणी जमा व्हावेत अशी सक्तीही नसते.

२. एवढा खटाटोप कशासाठी?

‘महत्त्वाचं असेल ते पुस्तकात किंवा नियतकालिकात येतंच की,’ असं कुणी म्हणेल. याला सर्वांत चोख उत्तर औषधांच्या जगातून मिळालं आहे.

अमेरिकेत नवं औषध विकायचं असेल, तर कंपनीला त्याच्या चाचण्यांची नोंद तिथल्या औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे करावी लागते, आणि निकालही सादर करावे लागतात. एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या अभ्यासाला घेतल्या. एफडीएच्या परीक्षकांनी त्यांवर लिहिलेली टिपणं एका बाजूला ठेवली आणि वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेले लेख दुसऱ्या बाजूला. त्यांचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

हिशेब सोपा आहे. एफडीएच्या मते ७४पैकी ३८ चाचण्यांत औषधाचा गुण दिसला, ३६ चाचण्यांत तो दिसला नाही किंवा शंकास्पद होता. गुण दिसलेल्या ३८पैकी ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा रीतीने मांडल्या गेल्या की वाचणाऱ्याला औषध गुणकारी वाटावं, आणि फक्त ३ जशा होत्या तशा छापल्या गेल्या. म्हणजे नियतकालिकं वाचणाऱ्या डॉक्टरसमोर ५१ चाचण्या आल्या आणि त्यांतल्या ४८ यशस्वी दिसल्या: ९४ टक्के. खरं प्रमाण ७४पैकी ३८, म्हणजे ५१ टक्के होतं.

या औषधांचा काहीच उपयोग नाही, असा याचा अर्थ नव्हे. टर्नर यांनी तसं म्हटलेलंही नाही. पण त्यांचा गुण छापील लेखांत फुगलेला होता, आणि तो फुगवटा ज्यांच्यामुळे उघड झाला ती टिपणं कुठल्याही नियतकालिकात नव्हती. ती एका सरकारी कचेरीच्या कागदपत्रांत होती. म्हणूनच एखाद्या उपचाराचा साकल्याने आढावा घेणारे संशोधक आता करडं साहित्य वगळून चालत नाहीत. भारतातही क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही नोंदवही २००७पासून सुरू आहे आणि २००९पासून औषधचाचणीची नोंद सक्तीची आहे. कोणती चाचणी सुरू झाली होती हे तिथे कुणालाही पाहता येतं. मग तिचा निकाल का छापला गेला नाही, हा प्रश्न तरी विचारता येतो.

३. कागदाचा माग कसा काढायचा

आपल्या सवयीप्रमाणे आपण विषय शोधतो. ‘मराठवाडा पाणी अहवाल’ असं टाइप करतो, बातम्यांचा ढीग समोर येतो आणि आपण कंटाळून थांबतो. करड्या साहित्यात ही वाट बहुधा फसते, कारण ते विषयवार लावून ठेवलेलं नसतं. तिथे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. हे लिहिणं कुणाचं काम होतं? आणि लिहून झाल्यावर ते कुणाला दिलं गेलं?

महाराष्ट्रात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच कागदावर मिळतात, तो म्हणजे शासन निर्णय, आपला ‘जीआर’. समिती नेमली जाते ती जीआर काढून. हे शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार ठेवलेले असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा संकेतांक असतो. तो उघडला, की लोक सहसा मधला मजकूर वाचतात. माग काढणाऱ्याने त्याचा वरचा आणि खालचा भाग आधी वाचावा.

वर ‘वाचा’ असं लिहून आधीच्या निर्णयांची आणि पत्रांची यादी दिलेली असते. ती धरून मागे गेलात, की विषय कुठे सुरू झाला ते कळतं. खाली ‘प्रत’ असं लिहून हा कागद कुणाकुणाला पाठवला ते दिलेलं असतं: मंत्र्यांचे खाजगी सचिव, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, महालेखापाल आणि शेवटी निवड नस्ती, म्हणजे कार्यालयाने संदर्भासाठी जपलेली फाइल. ही यादी मला फार मोलाची वाटते. मंत्रालयात ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळालं, तरी त्या कामाचे कागद आणखी कोणत्या कचेऱ्यांत असू शकतील ते ती सांगते. मधल्या मजकुरात समितीची कार्यकक्षा आणि सदस्यांची नावं असतात. सदस्य प्राध्यापक असेल, तर त्याच्या संस्थेच्या ग्रंथालयात अहवालाची एक प्रत असण्याची शक्यता चांगली.

दांडेकरांचंच उदाहरण घ्या. ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. तेव्हा पहिली चौकशी तिथल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात करावी. त्या ग्रंथालयाचा वारसा १९०५ साली स्थापन झालेल्या भारत सेवक समाजापर्यंत मागे जातो, आणि जुने सरकारी अहवाल ही त्याची खासियत. त्यातला मोठा भाग संगणकीय रूपात घरबसल्या वाचता येतो. दुसरी वाट पुढच्या समित्यांची. नव्वदच्या दशकात निर्देशांक व अनुशेष समिती आली, २०१३मध्ये विजय केळकर समितीने अहवाल दिला. नवी समिती जुन्या समितीच्या आकड्यांपासूनच सुरुवात करते, त्यामुळे मूळ अहवाल हाती येईपर्यंत त्याची पद्धत आणि कोष्टकं तिथे बऱ्यापैकी कळतात.

आणखी एक बारकावा. ‘समिती’ आणि ‘चौकशी आयोग’ यांत वाचकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. १९५२च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल सरकारला सहा महिन्यांच्या आत, केलेल्या कार्यवाहीच्या निवेदनासह, सभागृहासमोर ठेवावा लागतो. नुसत्या जीआरने नेमलेल्या तज्ज्ञ समितीवर असं बंधन नाही. एकदा सभागृहासमोर आलेला कागद विधानमंडळाच्या दफ्तरात जातो आणि त्याचा ठावठिकाणा पक्का होतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, म्हणजे कॅगचे अहवाल म्हणूनच सहज मिळतात. ते राज्यघटनेनुसार सभागृहात मांडले जातात आणि मग कॅगच्या संकेतस्थळावर येतात. रस्ते, रुग्णालयं, सिंचन, पीकविमा यांवर इतकं स्पष्ट, नावागावासकट लिहिलेलं दुसरीकडे क्वचित वाचायला मिळतं. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी असं मी सुचवीन.

४. प्रबंध आणि इतर साठे

विद्यापीठांचे प्रबंध पूर्वी ग्रंथालयाच्या बंद कपाटात असत. २००९च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक केलं, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ हे भांडार त्यातून भरत गेलं. आज तिथे देशभरातले लाखो प्रबंध मोफत आहेत, बहुधा प्रकरणवार वेगळ्या फायलींत. संशोधनाचे प्रस्ताव ‘शोधगंगोत्री’वर असतात. प्रबंध आवडला नाही, तरी त्याची संदर्भसूची जरूर बघा. तुमच्याच विषयावर कुणीतरी तीन-चार वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून गोळा केलेली ती यादी असते.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावागणिक शाळा, पाणी, दवाखाना यांची माहिती मिळते. जागतिक बँकेचे प्रकल्प-अहवाल तिच्या दस्तऐवज विभागात असतात, महाराष्ट्रातल्या प्रकल्पांचेही. पर्यावरण परवानगी लागणाऱ्या प्रकल्पांची कागदपत्रं केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर असतात, आणि जनसुनावणीच्या आधी पर्यावरणीय आघात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणं २००६च्या अधिसूचनेनुसार आवश्यक आहे. त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असे मराठी सारांश पाहायला मिळतात. पुण्याची ‘सोपेकॉम’ पाण्याच्या प्रश्नांवर आणि मुंबईची ‘सेहत’ आरोग्यावर काम करते, आणि दोघींच्या संकेतस्थळांवर त्यांचे अभ्यास आहेत.

संगणकावर शोधताना मराठी वाचकाला एक खास अडचण येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप होत असे. अशा फाइलमधली अक्षरं डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाला ती इंग्रजी अक्षरांची सरमिसळ वाटते. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये तर अक्षरंच नसतात, नुसती चित्रं असतात. म्हणून ‘भूजल’ हा शब्द अहवालात शंभर वेळा आला असला, तरी शोधयंत्राला तो एकदाही सापडत नाही. यावर तीन उपाय आहेत. अहवालाचं इंग्रजी नाव शोधा, कारण फाइलला किंवा दुव्याला बहुधा तेच दिलेलं असतं. मराठीत शोधताना ‘भूजल’ आणि ‘भुजल’ अशी दोन्ही लेखनं वापरा. आणि गूगलच्या प्रगत शोधाच्या पानावर फाइलचा प्रकार पीडीएफ निवडून, शोध फक्त सरकारी संकेतस्थळांपुरता मर्यादित करा. या शेवटच्या उपायाने बातम्यांचा गलबला लगेच ओसरतो.

५. एक शोध, पहिल्यापासून

समजा, तुम्हाला शेतात बोअर घ्यायची आहे आणि तालुक्यातल्या भूजलाची स्थिती जाणून घ्यायची आहे.

हे लिहिणं कुणाचं काम? राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं आणि देशपातळीवर केंद्रीय भूजल मंडळाचं. दोघं मिळून भूजलाचं मूल्यांकन करतात आणि त्याचा अहवाल निघतो. म्हणजे ‘माझ्या तालुक्यात पाणी किती’ असं न शोधता या अहवालाच्या नावाने शोधायचं, आणि मागच्या परिशिष्टात तालुक्याची ओळ गाठायची.

त्या ओळीत दोन आकडे महत्त्वाचे: वर्षाला उपसता येण्याजोगं पाणी आणि प्रत्यक्ष उपसा. पहिला ८० आणि दुसरा ७६ असेल, तर ७६ भागिले ८०, म्हणजे ९५ टक्के उपसा. ७० टक्क्यांपर्यंत तालुका सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि त्यापुढे अतिशोषित. आपल्या उदाहरणातला तालुका शोषित ठरला.

इथे थांबू नका. तालुक्याचा आकडा ही सरासरी असते. महाराष्ट्रात मोजणी पाणलोट क्षेत्रांनुसार होते आणि मग ती तालुक्यात जुळवली जाते. पाणलोटांना नदीखोऱ्यावरून क्रमांक असतात, गोदावरीसाठी ‘जीव्ही’ आणि भीमेसाठी ‘बीएम’ अशी अक्षरं असलेले. यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन आपलं गाव कोणत्या पाणलोटात येतं ते विचारा. तालुका सुरक्षित असला, तरी तुमचा पाणलोट अतिशोषित असू शकतो. मग आधीच्या मूल्यांकनांतली तीच ओळ काढा आणि शेजारी मांडा. एका वर्षाच्या आकड्यावरून पाऊसमान कळेल, पण पाणी कोणत्या दिशेने चाललं आहे ते चार मूल्यांकनं शेजारी ठेवल्यावरच कळतं. एवढं करूनही तुमच्या बोअरला पाणी लागेल की नाही, हे अहवाल सांगू शकत नाही. तो तेवढं सांगण्यासाठी लिहिलेलाच नाही.

६. अहवाल आहे, पण देत नाहीत

पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१०मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला विकास आणि गोव्यातलं खाणकाम हे त्याच्या अभ्यासातले स्वतंत्र विषय होते. गटाने ऑगस्ट २०११अखेर अहवाल दिला, आणि तो मंत्रालयातच राहिला. ज्या गावांबद्दल तो होता, त्या गावांना तो वाचता येईना.

केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात त्याची मागणी केली. अहवाल अजून अंतिम झालेला नाही, असं सांगून मंत्रालयाने नकार दिला. एप्रिल २०१२मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही मे महिन्यात त्याच्या विरुद्ध निकाल लागला, आणि त्याच महिन्यात अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. सरकारने अहवाल स्वीकारणं आणि नागरिकाने तो वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने ठसवलं. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण ‘शासनाने अद्याप निर्णय घेतलेला नाही’ हे उत्तर आजही सर्रास मिळतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना प्रश्न विचारू नका, कागद मागा. ‘समितीच्या शिफारशी का अमलात आणल्या नाहीत?’ या प्रश्नाला उत्तर देणं जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. ‘अमुक जीआरने नेमलेल्या समितीच्या अहवालाची परिशिष्टांसह प्रत द्यावी’ अशी मागणी मात्र कायद्याच्या चौकटीत नेमकी बसते. परिशिष्टांचा उल्लेख विसरू नका, खरे आकडे तिथेच असतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर तो योग्य ठिकाणी पाठवणं हे त्या कचेरीचं काम आहे. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर प्रथम अपील करता येतं.

७. हाती आल्यावर

अहवाल मिळाला, म्हणजे तो खरा असं नव्हे. पुस्तकाला संपादक असतो, नियतकालिकाला परीक्षक असतात. करड्या साहित्याची चाळणी वाचणाऱ्यालाच लावावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या जेस टिंडॉल यांनी त्यासाठी सहा कसोट्या सुचवल्या: लिहिणाऱ्याचा अधिकार, अचूकता, व्याप्ती, निःपक्षपातीपणा, तारीख आणि महत्त्व. यांतल्या दोन आपल्याकडे विशेष कामाच्या आहेत.

एक म्हणजे निःपक्षपातीपणा, आणि त्यासाठी पैसे कुणी दिले ते बघायचं. पर्यावरणीय आघात अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्प उभारणाऱ्याच्याच पैशावर काम करतो. तेवढ्यावरून अहवाल खोटा ठरत नाही, पण जंगलातल्या प्राण्यांची यादी फारच आखूड वाटली, तर त्याच परिसरावरचा एखादा प्रबंध शोधगंगेवरून काढून दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. दुसरी म्हणजे तारीख, आणि इथे दोन तारखा असतात: अहवाल लिहिल्याची आणि आकडे गोळा केल्याची. सर्वेक्षण दुष्काळी वर्षातलं असेल आणि अहवाल तीन वर्षांनी आला असेल, तर मुखपृष्ठावरची तारीख दिशाभूल करते.

आणि प्रत जपून ठेवा. संकेतस्थळं नव्याने बांधली जातात, विभागांची नावं बदलतात, जुने दुवे मरतात. दुवा मेला असेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुना पत्ता टाकून बघा. पान जिवंत असताना घेतलेली नक्कल अनेकदा मिळते. जिवंत पानाची नक्कल तिथे तुम्हालाही ठेवता येते. माहिती अधिकारात मिळालेला कागदी अहवाल स्कॅन करून त्याच अर्काइव्हवर चढवता येतो. चढवताना नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिहा. सोबत नेमणुकीच्या जीआरचा संकेतांक, अध्यक्षांचं नाव, महिना आणि वर्ष द्या, आणि जिल्ह्याचं नाव बदललं असेल तर जुनंही द्या: ‘अहिल्यानगर’बरोबर ‘अहमदनगर’, ‘धाराशिव’बरोबर ‘उस्मानाबाद’.